झोपेचे ठिकाण शोधणारा वैमानिक

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वाळवा तालुक्यात उसाला पाणी कित्येकदा रात्रीच पाजावे लागते, कारण शेतीची वीज रात्री येते. वडील दारे धरून पहाटे घरी येतात आणि भाकरीचा घास हातात असतानाच त्यांचे डोळे मिटतात. झोप माणसाला घेरते ती नेमकी कोठून, हा प्रश्न मला त्यांच्याकडे पाहून पडला. उत्तर शोधताना डॉ. कॉन्स्टांटिन फॉन इकॉनोमो हे नाव भेटले. (अर्थशास्त्राच्या मित्रांनी नावावरून फसू नये!)

त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १८७६ रोजी रुमानियातील ब्राइला येथे झाला. घराणे ग्रीक व चांगलेच धनाढ्य; बालपण त्रिएस्त बंदरात गेले. व्हिएन्नात दोन वर्षे यंत्रशास्त्र शिकून ते वैद्यकाकडे वळले आणि १९०१ मध्ये डॉक्टर झाले. पण यंत्राचे वेड सुटले नाही. विमान हीच नवलाई असलेल्या त्या काळात ते स्वतः विमान चालवीत, आणि ऑस्ट्रियाच्या एरो क्लबचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. पैसा असला की छंद परवडतात, असे कोणी म्हणेल. मलाही प्रथम तसेच वाटले.

पहिल्या महायुद्धात ते वैमानिक म्हणून आघाडीवर गेले. १९१६ मध्ये त्यांचा भाऊ युद्धात मारला गेला. आईवडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी विमान सोडले आणि ते व्हिएन्नाच्या रुग्णालयात परतले. हा निर्णय त्यांना जड गेला असणार. पण तेथेच त्यांना ते विलक्षण रोगी दिसले. ही माणसे सतत झोपत. हलवून उठवले तर नीट उत्तर देत आणि पुन्हा झोपत. काहींना तर जेवता जेवता झोप लागे. याउलट काही रोग्यांची झोपच उडालेली होती.

१९१७ मध्ये इकॉनोमोंनी या मेंदूज्वराचे वर्णन प्रसिद्ध केले. दगावलेल्यांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. अतिझोपेच्या रोग्यांत त्याच्या मागच्या बाजूस, मध्यमेंदूच्या सांध्यापाशी इजा होती; निद्रानाश झालेल्यांत पुढच्या बाजूस. म्हणजे जागे ठेवणारी जागा वेगळी आणि निजवणारी वेगळी! दिवा विझावा तसा थकलेला मेंदू आपोआप शांत होतो, या समजुतीला हा मोठाच धक्का होता. मेंदू झोपही घडवून आणतो, असा त्याचा अर्थ.

इकॉनोमो २१ ऑक्टोबर १९३१ रोजी हृदयविकाराने वारले, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. झोपेचे टप्पे त्यांना पाहायला मिळाले नाहीत. मेंदूतील विद्युतलहरींवरून ते १९३७ मध्ये अमेरिकेत प्रथम वर्गवारीने मांडले गेले. डोळे भिरभिरणारी, स्वप्नांची झोप १९५३ मध्ये शिकागोत सापडली. आणि १९९६ मध्ये झोपेत सक्रिय होणाऱ्या पेशी आढळल्या, त्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातच.

त्या रोगाची साथ विसाच्या दशकाअखेर ओसरली. तिचे कारण अजून निश्चित झालेले नाही. वडिलांना हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की ते झोपलेले लोक पुढे उठले का? बरेच दगावले, काही बरे झाले आणि पुष्कळांना पुढे कंपवातासारखा ताठरपणा येऊन ते वर्षानुवर्षे जखडून राहिले, असे मी सांगितले. वडील काही बोलले नाहीत. मोटार सुरू करायची वेळ झाली होती.