पीयूषिकेचा सूत्रधार शोधणारे जेफ्री हॅरिस

मेंदूच्या तळाशी लोंबणारी, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बीजांडकोश, वृषण आणि इतर अनेक अंतःस्रावी ग्रंथींवर हुकमत चालवते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पष्ट झाले होते. पण या ग्रंथीला हुकूम कोण देते? ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांचे सारे संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले.

लंडनमध्ये १९१३ साली जन्मलेल्या हॅरिस यांनी केंब्रिजमध्ये असतानाच, १९३७ मध्ये, सशाच्या मेंदूतील हायपोथॅलॅमसला विद्युत उत्तेजन देऊन बीजमोचन घडवून आणले. पीयूषिकेच्या पुढील भागात चेतातंतू मात्र जवळजवळ नव्हतेच. मग निरोप पोहोचतो कसा? हायपोथॅलॅमसमधून ग्रंथीच्या देठावरून खाली उतरणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रासायनिक दूत येत असावेत, असे हॅरिस यांनी मांडले.

या मांडणीला सॉली झुकरमन यांनी कडाडून विरोध केला. झुकरमन हे ब्रिटिश विज्ञानक्षेत्रातील बडे प्रस्थ. देठ छेदूनही फेरेट हा प्राणी माजावर येतो, असा त्यांचा दावा होता. त्यात तथ्य असते, तर हॅरिस यांचा सिद्धांतच कोसळला असता. छेदलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा वाढतात आणि जोडल्या जातात, हे हॅरिस यांचे उत्तर. छेदाच्या जागी मेणकागदाचा पडदा बसवला की प्रजननचक्र थांबे. इतका साधा उपाय क्वचितच एवढ्या मोठ्या वादात कामी आला असेल. १९५२ मध्ये डोरा याकोबसन यांच्यासह त्यांनी पीयूषिका काढलेल्या उंदीर माद्यांमध्ये नव्या ग्रंथीचे रोपण केले. ती हायपोथॅलॅमसखाली बसवली तेव्हा प्रजननचक्र परतले, मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवली तेव्हा नाही.

याच नात्याची उलटी बाजूही हॅरिस यांनी तपासली. बीजांडकोश काढलेल्या मांजरींच्या हायपोथॅलॅमसमध्ये इस्ट्रोजेनसदृश द्रव्याचा अल्पांश ठेवताच, शरीरात माजाची इतर लक्षणे नसतानाही, त्या नराचा स्वीकार करू लागल्या. संप्रेरक थेट मेंदूवर परिणाम करत होते.

या परिणामाचा एक मार्ग आज जनुकांच्या पातळीवर उलगडला आहे. प्रजननाची सूत्रे हलवणारे जीएनआरएच हे संप्रेरक बनवणाऱ्या चेतापेशींत इस्ट्रोजेनचा प्रमुख ग्राहीच नसतो. तो असतो किसपेप्टिन बनवणाऱ्या शेजारच्या पेशींत. उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या एका भागात इस्ट्रोजेन किसपेप्टिनच्या जनुकाला आवर घालते, तर पुढच्या भागात त्याच जनुकाची सक्रियता वाढवते. बीजमोचनापूर्वीची संप्रेरकांची लाट या दुसऱ्या भागातून उठते.

ऑक्सफर्डमध्ये शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक असताना, नोव्हेंबर १९७१ मध्ये, वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी हॅरिस यांचे निधन झाले. दहा अमिनो आम्लांच्या जीएनआरएचची रचना त्याच वर्षी निश्चित झाली. मेंदूतील अशा संप्रेरकांच्या शोधासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली यांना विभागून मिळाले. हॅरिस हयात असते तर त्यांचेही नाव त्यात असते, असे अनेक अभ्यासक मानतात.