आवाज कमवावा लागतो : कुंदगोळच्या रामभाऊंची गोष्ट

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. अंकासाठी काहीतरी लिहून द्या म्हणून मंडळींनी आम्हाला सांगितलं. आमचं शिक्षण चौथी. दिवसा औत, रात्री कीर्तन, एवढंच आमचं आयुष्य. संतांची चरित्रं माउली तुम्ही नेहमी ऐकता, म्हणून आज एका गवयाची गोष्ट सांगतो. त्याला कारण आहे. दिंडीतली चौदा-पंधरा वर्षांची पोरं आवाज फुटला की टाळ ठेवून मागं सरकायलेत. आम्हाला गळाच नाही म्हणतात. हे लिहिणं त्यांच्यासाठी आहे.

भीमसेन जोशींचे अभंग आपल्या उदगीर भागात कोणाला माहीत नाहीत? देवळाच्या भोंग्यावर पहाटे तोच आवाज असतो. पण त्या आवाजाच्या मागं एक गुरू उभा आहे, हे लई थोड्यांना ठाऊक. त्यांचं नाव रामभाऊ कुंदगोळकर. लोक त्यांना सवाई गंधर्व म्हणतात. कुंदगोळ हे धारवाड जिल्ह्यातलं, हुबळीजवळचं गाव. मुलूख कानडी. आपल्याला बिदरचा शेजार, तवा कानडी काही परकी नाही.

रामभाऊंचा जन्म १९ जानेवारी १८८६ चा. वडील कारकुनी करायचे. शाळेत लेकराचं मन रमलं नाही, ओढ गाण्याची. पहिले धडे बळवंतराव कोल्हटकरांकडं मिळाले. पुढं अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं त्यांच्या मनात बसलं आणि गुरू करायचा तर हाच, असं ठरलं. खाँसाहेब उत्तरेकडच्या कैरान्याचे. आवाज असा की तंबोऱ्याच्या तारेत मिसळून जावा.

रामभाऊंचा गळा तसा नव्हता. जड होता, सहज फिरत नव्हता. दुसऱ्या कोणी परत पाठवलं असतं. खाँसाहेबांनी पाठवलं नाही, पण अट घातली की आठ वर्षं शिकावं लागंल. आठ वर्षं म्हणजे आठ आषाढ्या! आपली पोरं आठ दिवसांत कंटाळतात.

खडकाळ रान एका नांगरटीत पिकत नाही. दगड वेचावे लागतात, गाळ टाकावा लागतो, तवा कुठं तूर धरते. रामभाऊंच्या गळ्याचं तसंच झालं. एकेक स्वर घोटून घोटून तो गळा वळवला गेला. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू. सुराच्या पंगतीत कोणी जात इचारली नाही.

पुढं रामभाऊ नाटकात गेले. खाँसाहेबांना ते आवडलं नाही, पण रामभाऊंनी नाव काढलं. सौभद्र नाटकात ते सुभद्रा व्हायचे. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना सवाई गंधर्व ही पदवी दिली. सवाई म्हणजे एकाला सव्वा. एवढं होऊनही मैफिलीत त्यांचा आवाज बसल्या बसल्या लागत नसे. हळूहळू तापायचा. घाई न करता ते सुराशी बसून राहायचे, आणि एकदा का आवाज उघडला की ऐकणारा जागचा हलत नसे.

जे स्वतःला कष्टानं मिळालं, ते त्यांनी दुसऱ्याला दिलं. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला शिकायला जायच्या. भीमसेन लहानपणी गाण्यापायी घर सोडून भटकले आणि शेवटी रामभाऊंच्या दारी आले. गुरूघरी पाणी भरलं, पडेल ते काम केलं, आणि तोडी, मुलतानी, पुरिया घोटत राहिले. उतारवयात रामभाऊंना अर्धांगवायू झाला, गाणं थांबलं. १२ सप्टेंबर १९५२ ला पुण्यात त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी शिष्यांनी पुण्यात त्यांच्या नावानं उत्सव सुरू केला, तो अजून चालू आहे.

आठ वर्षं माणूस नुसत्या धाकानं टिकत नाही. कालच्यापेक्षा आज सूर जरासा जवळ आला की जो आनंद होतो, तो टिकवतो. हे आम्ही अनुभवानं सांगतो. चौदाव्या वर्षी काकड्यात आमचा आवाज चिरकला, सगळे हसले. दोन वर्षं आम्ही तोंड उघडलं नाही. मग दिंडीतल्या एका म्हाताऱ्या विणेकऱ्यानं आम्हाला पहाटे औतामागं खालच्या पट्टीत म्हणायला लावलं. ओरडायचं नाही, सूर धरून ठेवायचा, बस्स. पहिल्या पावसाळ्यात काही जमलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एके सकाळी सूर लागला. ऐकायला फक्त बैल होते. तसा आनंद पुढं हजार माणसांच्या कीर्तनातही क्वचितच झाला.

म्हणून लेकरांनो, माईकसाठी पट्टी चढवू नका. फुटलेला आवाज बसतो, त्याला वेळ द्या, पण टाळ खाली ठेवू नका. गोड गळा देवानं दिला तर उत्तम. नाही दिला तर रामभाऊंसारखा कमवा. दिंडीला अजून शंभर वर्षं चालायचं आहे, अन् चाल तुम्हालाच धरायची आहे. उद्या काकड्याला या. आमच्या शेजारी जागा ठेवली आहे.

॥ रामकृष्णहरी ॥