रवींद्रनाथ : इंग्रजीचे अध्यापक

रवींद्रनाथ ठाकुरांच्या चरित्रात शांतिनिकेतनची शाळा कविस्वप्नाचा एक आविष्कार म्हणून सांगण्याची रूढी पडली आहे. वृक्षतळीचे वर्ग, ऋतूत्सव, गाणी यांच्या वर्णनात एक रोकडी गोष्ट झाकोळून जाते. ती अशी की, हा कवी पाव शतकाहून अधिक काळ लहान मुलांसाठी इंग्रजीचे धडे रचीत होता. मातृभाषेतून शिक्षण द्यावे असा आग्रह आयुष्यभर धरणाऱ्या माणसाने परभाषेच्या प्राथमिक पुस्तकांवर इतके श्रम का घ्यावेत, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांनी टाळावा असा नाही.

७ मे १८६१ रोजी जोडासाँको येथे जन्मलेल्या रवींद्रनाथांचे शाळेशी कधी जमले नाही. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा शाळा झाल्या आणि सुटल्या. नॉर्मल स्कूलमध्ये मुलांकडून एक इंग्रजी गीत सामुदायिक रीतीने म्हणवून घेतले जाई. मुलांच्या तोंडी त्याचे असे काही रूपांतर झाले होते की, मूळ शब्द कोणते असावेत याचा तर्क त्यांना मोठेपणीही करावा लागला. अर्थशून्य ध्वनीच्या रूपाने इंग्रजी त्यांना प्रथम भेटली ती अशी. घरी संध्याकाळी अघोरबाबू नावाचे वैद्यकीचे विद्यार्थी प्यारीचरण सरकारांचे पहिले पुस्तक शिकवायला येत. कितीही पाऊस कोसळो, त्यांची छत्री गल्लीच्या तोंडाशी दिसायचीच. आणि दिव्यासमोर बसलेल्या मुलाच्या पापण्या मिटू लागायच्याच. याच शिक्षकांनी एकदा मानवी कंठनलिका कागदात गुंडाळून आणली आणि आवाज कसा निर्माण होतो ते दाखविले. मुलाला त्याने आनंद झाला नाही. बोलणे हा साऱ्या माणसाचा व्यापार आहे, तो असा कापून वेगळा काढता येतो हे त्याला रुचले नाही. पुढे रवींद्रनाथांनी जी भाषाशिक्षणपद्धती बसविली, तिचे बीज या लहानशा नावडीत शोधणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

त्यांचे तिसरे बंधू हेमेंद्रनाथ यांनी घरातल्या मुलांचा पाया बंगालीतच घातला. इंग्रजीचा बोलबाला असलेल्या त्या काळात हे धाडसच होते, आणि रवींद्रनाथांनी त्याबद्दलची कृतज्ञता ‘जीवनस्मृति’त नोंदविली आहे. नंतर ज्ञानचंद्र भट्टाचार्य यांनी ‘मॅकबेथ’ बंगालीत समजावून द्यावे आणि त्याचा बंगाली पद्यात अनुवाद होईपर्यंत शिष्याला खोलीत कोंडून ठेवावे असा क्रम चालला. एका भाषेतून दुसरीकडे जाण्याचा व्यायाम त्यांना घडला तो येथे.

१८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी ते अहमदाबादेस सत्येंद्रनाथांकडे व नंतर मुंबईस राहिले. मुंबईतील घर प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे, म्हणजे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांच्या धाकट्या भावाचे. त्यांची विलायतेहून परतलेली कन्या अन्नपूर्णा हिच्या सहवासात सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांनी इंग्रजी संभाषण आत्मसात करावे अशी योजना होती. या भेटीच्या भावमधुर बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शैक्षणिक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली : इंग्रजी येथे त्यांना पुस्तकातून नव्हे, घरातल्या जिवंत माणसाकडून भेटली. ब्रायटनची शाळा आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील हेन्री मॉर्ले यांची व्याख्याने यानंतरची. १८८० मध्ये पदवीविनाच ते परतले.

१८९२ च्या ‘शिक्षार हेरफेर’ या निबंधात त्यांनी परभाषेतून दिलेल्या शिक्षणाने विद्या आणि जीवन यांची फारकत कशी होते हे मांडले. शिलाईदह येथे स्वतःच्या मुलांना शिकविताना मात्र त्यांनी लॉरेन्स नावाचा इंग्रज शिक्षक ठेवला. (हे गृहस्थ रेशमाच्या किड्यांच्या नादी लागले, हा त्या घरातील प्रसिद्ध विनोद.) २२ डिसेंबर १९०१ रोजी शांतिनिकेतनात मूठभर मुलांनिशी ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. सर्व विषय बंगालीतून शिकविले जात; पण कलकत्ता विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा इंग्रजीवाचून पार होणारी नव्हती, आणि पालकांना ती हवी होती. तेव्हा इंग्रजी शिकवायची तर कशी, हा प्रश्न तत्त्वचर्चेचा उरला नाही, रोजच्या वर्गाचा झाला.

‘इंराजी-सोपान’ १९०४ पासून आणि ‘इंराजी-श्रुतिशिक्षा’ १९०९ मध्ये आली. श्रुतिशिक्षेत पुस्तक मुलाच्या हाती नसते, शिक्षकाच्या हाती असते. शिक्षक इंग्रजीत आज्ञा करतो, मुले ऐकून तशी कृती करतात; कान, हात आणि पाय आधी, डोळे व लेखणी नंतर. झाडाखालच्या वर्गाला ही रीत विशेष मानवणारी, कारण उठणे, जाणे, आणणे, दाखविणे याला तेथे भिंत आड येत नाही. पुढे १९१७ मध्ये ‘अनुवादचर्चा’ निघाली. तिच्यात ज्ञानचंद्रांच्या कोंडलेल्या खोलीचा वारसा उघड दिसतो, फक्त दाराला कडी नाही.

या दोन रीतींमधील अंतर शाळा बहुभाषिक होऊ लागली तेव्हा उघडे पडले. १९१४ च्या अखेरीस गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातील मुले काही महिन्यांसाठी शांतिनिकेतनात आली. त्या सुमारास काका कालेलकरही तेथे होते. १९२० मध्ये रवींद्रनाथ अहमदाबादच्या गुजराती साहित्य परिषदेला गेले, १९२१ मध्ये विश्वभारतीची स्थापना झाली, आणि बंगालबाहेरील विद्यार्थ्यांची संख्या वाढली. गुजराती वा तमिळ मुलाला बंगाली ही मातृभाषा नव्हे. मातृभाषेच्या तत्त्वावर उभारलेली शाळा त्याला दुसऱ्याच्या मातृभाषेतून शिकवीत होती. अनुवादाचा पूल त्याच्या गावापासून निघतच नव्हता. उलट श्रुतिशिक्षेतील आज्ञा-कृतीचा धडा, शिक्षकाच्या सूचना बंगालीत छापलेल्या असूनही, बंगाली व गुजराती मुलाला एकाच पायरीवर उभे करू शकत होता. रवींद्रनाथांच्या शिक्षणविचाराने या पेचाचे पूर्ण उत्तर दिले असे म्हणता येत नाही. ‘शिक्षार बाहन’ (१९१५) सारखा निबंधही बंगाल्याच्या बंगालीपुरताच बोलतो. उत्तराचा जो अंश आहे तो त्यांच्या निबंधांत नसून या दुर्लक्षित पाठ्यपुस्तकात आहे.

धडे रचणे वृद्धपणीही थांबले नाही. ‘इंराजी-सहजशिक्षा’ १९२९-३० मधली, आणि १९३० मध्येच नंदलाल बसूंच्या चित्रांसह बंगाली ‘सहजपाठ’ प्रसिद्ध झाला. नोबेल पारितोषिक मिळून सतरा वर्षे झालेला कवी एकाच वेळी दोन भाषांची पहिली पुस्तके लिहीत होता, आणि दोहोंत घाई नाही. १९३७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी बंगालीतून अभिभाषण केले. तेथे असे प्रथमच घडत होते. त्याच वर्षी त्यांचे विज्ञानविषयक ‘विश्वपरिचय’ही बंगालीत निघाले.

७ ऑगस्ट १९४० रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाने शांतिनिकेतनातच समारंभ भरवून त्यांना डॉक्टरेट दिली. विद्यापीठातर्फे सर मॉरिस ग्वायर आले होते. मानपत्र लॅटिनमध्ये वाचले गेले आणि रवींद्रनाथांनी उत्तर दिले ते संस्कृतात. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, ७ ऑगस्ट १९४१ रोजी, जोडासाँकोच्या घरी त्यांचे निधन झाले.