नाथांच्या घरचे समाधान

फाल्गुन महिना लागला की आपल्या तिगाव-पांढुर्णा भागातील बागांतून मृगबहाराची संत्री उतरू लागतात, आणि त्याच सुमारास फाल्गुन वद्य षष्ठी येते. हा श्रीएकनाथ महाराजांचा पुण्यदिन होय. संसारात राहून टिकाऊ सुख कसे मिळवावे, हा प्रश्न घरोघरी रोजच उभा असतो. त्याचे उत्तर ग्रंथांतून पुष्कळ सापडते. परंतु ते स्वतःच्या घरात आयुष्यभर चालवून दाखविणारे विरळा. नाथांचे चमत्कार बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून येथे विशेषेकरून त्यांच्या घराकडे पाहावयाचे आहे.

नाथांचा जन्म गोदातीरी पैठण येथे सन १५३३ च्या सुमारास झाला. पंढरीचे थोर भक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी ही दोघेही नाथांच्या बालपणीच निवर्तली आणि आजोबा चक्रपाणी व आजी सरस्वतीबाई यांनी या पोरक्या मुलाला वाढविले. आईबापांच्या छायेला आपण सुखाचा पाया समजतो. तो नाथांना लाभलाच नाही.

बाराव्या वर्षाच्या सुमारास ते घरी न सांगता देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी हे अरण्यातील तपस्वी नसून निजामशाहीच्या चाकरीत किल्ल्याचा कारभार पाहणारे गृहस्थ होते. त्यांनी शिष्याकडे हिशेबाचे काम सोपविले. एके रात्री जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्यापाशी वह्या उलगडून बसले, रात्र सरत आली, आणि अखेर चूक सापडताच त्यांना इतका हर्ष झाला की त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. गुरूंनी ते पाहिले आणि त्यांना समजाविले की, एका पैची चूक सापडल्याने जर एवढा आनंद होतो, तर संसाराच्या मूळ हिशेबातील चूक सापडेल तेव्हा तो किती होईल याचा विचार करावा. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण मला तिच्यातील एक बाब फार महत्त्वाची वाटते : नाथांनी ती चूक दुसऱ्या कोणाच्या वहीत शोधली नाही.

गुरूंसह तीर्थयात्रा झाल्यावर त्यांच्याच आज्ञेने नाथ पैठणास परतले व गृहस्थाश्रमी झाले. पत्नी गिरिजाबाई, मुलगा हरिपंडित, मुली गोदावरी व गंगा, आणि दारी येणारा कोणीही अतिथी, असा तो संसार. पहाटे उठून नामस्मरण, गोदास्नान, पूजा, भागवताचे वाचन, मध्याह्नी अतिथींसह भोजन, सायंकाळी पुराण आणि रात्री कीर्तन, हा क्रम चाले.

आणि त्या घराची परीक्षा पाहणारेही कमी नव्हते. स्नान करून येताना एका उपद्रवी माणसाने त्यांच्या अंगावर वारंवार थुंकावे आणि नाथांनी प्रत्येक वेळी शांतपणे नदीकडे परत फिरावे, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्याहून मला दुसरी अधिक प्रिय आहे. एका गरजू ब्राह्मणाला काही टवाळांनी नाथांना राग आणून दाखविल्यास पैसे देण्याचे कबूल केले. तो सरळ देवघरात शिरून नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले. पंगतीत गिरिजाबाई वाढावयास वाकल्या तोच तो त्यांच्या पाठीवर चढला. पाहुणा पडणार नाही एवढे जपावे, असे नाथांनी सुचविले, तेव्हा मुलाला पाठीवर घेऊन कामे करण्याची आपल्याला सवय आहे, असे त्या माउलीने हसून सांगितले. घरातील एकच माणूस शांत आणि बाकीचे त्याच्या शांतीचा भार वाहून थकलेले, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. पैठणच्या घरात तसे नव्हते. पुढे त्या ब्राह्मणाची अडचण कळली, तेव्हा आधी सांगितले असते तर रागाचे सोंग तरी केले असते, म्हणून नाथ हळहळले.

मात्र कोणाशी विरोध नको म्हणून त्यांनी आपले वर्तन बदलले, असे समजू नये. श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या कुटुंबाला वाढला आणि गावच्या ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी प्राकृतात टीका लिहिली, तीही काशीच्या पंडितांना खपली नाही; तरीही सन १५७३ मध्ये काशीतच अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ पूर्ण झाला. सर्वस्व गमावलेला अवंतीचा कृपण ब्राह्मण लोकांकडून छळ सोसत असता, सुखदुःखाचे कारण आपले मनच आहे, हे कसे ओळखतो, ती कथा याच स्कंधात येते. सन १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. सुमारे तीनशे वर्षांत नकलांतून शिरलेले अपपाठ एकेक करून वेचावयाचे, हे काम देवगिरीच्या त्या रात्रीचेच मोठे रूप म्हटले पाहिजे.

सर्वांत कठीण प्रसंग बाहेरून आला नाही. हरिपंडित विद्वान निघाले. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना साहेना. ते घर सोडून काशीस निघून गेले. जगाची थुंकी सोसणे सोपे, पोटच्या मुलाला आपली लाज वाटावी हे सोसणे अवघड. नाथ स्वतः काशीस गेले. परान्न घ्यावयाचे नाही आणि प्राकृतात पुराण सांगावयाचे नाही, अशा दोन अटी मुलाने घातल्या. नाथांनी त्या मान्य केल्या आणि त्याला घरी आणले. पुराण हरिपंडित सांगू लागले, पण श्रोते हळूहळू कमी होत गेले. नाथ एका शब्दाने बोलले नाहीत.

पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या, पण विपन्नावस्थेत पडलेल्या एका बाईने नाथांना जेवावयास बोलाविले, कारण एका नाथांच्या जेवणाने संकल्प पूर्ण होईल अशी तिची श्रद्धा होती. हरिपंडितांच्या संमतीने नाथ गेले. नाथांची उष्टी पत्रावळ हरिपंडितांनी उचलली तों तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या, अशी कथा आहे. वाचकांनी ती आपापल्या श्रद्धेनुसार घ्यावी. मला मात्र त्याआधीचे दिवस मोठे वाटतात. ज्या कीर्तनपुराणावर त्यांचा जीव होता, तेच मुलाच्या हाती सोपवून नाथ घरात प्रसन्न राहिले. त्या प्रसंगानंतर हरिपंडित वडिलांना शरण आले आणि पैठणात पुन्हा प्राकृत पुराण सुरू झाले.

नाथांच्या अखेरच्या वर्षांत अहमदनगरच्या राज्यावर मोगलांच्या स्वाऱ्या चालू होत्या आणि चांदबिबीने नगरचा किल्ला लढविला, तो याच काळात. अशा धामधुमीत सन १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीच्या वाळवंटी कीर्तन केले आणि नदीत प्रवेश करून देह ठेवला. जनार्दनस्वामींची पुण्यतिथीही हीच मानतात. पैठणच्या नाथांच्या वाड्यात, श्रीखंड्याच्या रूपाने देवाने ज्यात पाणी भरले असे मानतात, तो रांजण आजही आहे. षष्ठीच्या उत्सवात यात्रेकरू गोदावरीचे पाणी आणून त्यात ओततात.