सैंधवाचं वय विचारणारा माणूस

उपवासाच्या खिचडीत आजी जे मीठ घालते, ते सैंधव. हल्ली तेच हिमालयन पिंक सॉल्ट होऊन सुपरमार्केटच्या शेल्फवर बसलंय, चौपट भावाने. खरं तर हिमालयाच्या शिखरांशी त्याचा काही संबंध नाही. ते येतं पाकिस्तानी पंजाबमधल्या मिठाच्या डोंगररांगेतून, आणि तिथली सगळ्यात प्रसिद्ध खाण खेवड्याची. या मिठाचं वय किती, यावरून 1940 च्या दशकात भारतातले भूवैज्ञानिक दोन तटांत विभागले होते. एका तटात होते बिरबल साहनी, देशातले सर्वांत मोठे वनस्पती-जीवाश्मतज्ज्ञ. आपली बाजू त्यांनी जीव तोडून मांडली. आणि ती चुकीची निघाली.

झेलमकाठचा मुलगा

साहनींचा जन्म 14 नोव्हेंबर 1891 चा. म्हणजे बालदिन, पंडित नेहरूंचा वाढदिवस! नेहरू त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. जन्मगाव भेरा, झेलम नदीच्या काठचं. मिठाची रांग तिथून जवळच. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकंती करायची त्यांना भारी हौस. बिरबलला झाडंपानं आणि दगड गोळा करायचा नाद लागला, तो तिथूनच.

1911 मध्ये लाहोरहून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तिथे ए. सी. सेवर्ड या जीवाश्मतज्ज्ञांच्या हाताखाली ते तयार झाले. शिकत असतानाच लॉसनचं वनस्पतिशास्त्राचं पाठ्यपुस्तक भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुधारून द्यायचं काम त्यांच्याकडे आलं. पुढे कित्येक वर्षं आपल्याकडची मुलं तेच पुस्तक वाचून पास झाली. 1919 मध्ये लंडन विद्यापीठाची डीएस्सी घेऊन ते परतले, आणि 1921 मध्ये लखनौ विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. लखनौ मग त्यांनी सोडलं नाही. 1936 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

सह्याद्रीच्या दगडाचं वय

साहनींचं एक मोठं काम थेट आपल्या पायाखालचं आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडाचा बनलाय, तो थिजलेला लाव्हा. पण तो काही एका दमात वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या मधे हजारो वर्षांची उसंत मिळायची. मग लाव्ह्यावर तळी साचायची, गाळ बसायचा, झाडं उगवायची. पुढचा लाव्हा यायचा आणि हे सगळं गाडून टाकायचा.

जीवाश्म तयार व्हायला हीच जागा उत्तम. मेलेलं झाड उघड्यावर पडलं तर कुजून जातं. पण ते पटकन गाळाखाली गेलं, हवेपासून तुटलं आणि दगडातून पाझरणाऱ्या पाण्यात भरपूर सिलिका असली, तर ती सिलिका एकेका पेशीत भरत जाते. लाकूड संपतं, पण त्याचा साचा दगडात उरतो, अगदी पेशींच्या भिंतींसकट. असा दगड कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि आरपार उजेड येईल इतका पातळ घासायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली झाड ओळखता येतं. साहनींचं आयुष्य या कामात गेलं.

नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्याजवळ मोहगाव कलां नावाचं गाव आहे. तिथल्या अशा थरांत निपा नावाच्या पामची फळं सापडली. हा पाम आजही सुंदरबनात, खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो. छिंदवाड्यात कुठली आलीये खाडी? म्हणजे त्या काळी समुद्राचा एखादा फाटा तिथवर शिरला असणार! साहनींना त्याहून महत्त्वाची वाटली ती या वनस्पतींची जातकुळी. ती डायनासोरांच्या क्रिटेशियस काळापेक्षा नंतरच्या इओसीन काळाशी जास्त जुळत होती. दख्खनचा लाव्हा क्रिटेशियसमधला की त्यानंतरचा, हा प्रश्न त्यांनी 1934 मध्ये जाहीर मांडला, आणि आपला कौल नंतरच्या काळाला दिला.

आज किरणोत्सारी पद्धतींनी या लाव्ह्याचं वय काढलंय. त्यातला बराचसा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला, नेमका डायनासोर संपले त्या सीमारेषेच्या आगेमागे. म्हणजे साहनींचा अंदाज थोडा अलीकडचा ठरला, पण फार लांबचा नव्हे. मिठाच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही.

कल्याण की शेगाव?

खेवड्याला मीठ तळाशी आहे आणि त्याच्यावर कँब्रियन काळाचे थर आहेत, त्यात ट्रायलोबाइटसारख्या फार जुन्या प्राण्यांचे जीवाश्म. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा भूविज्ञानाचा पहिला नियम. त्या हिशेबाने मीठ 54 कोटी वर्षांच्या आसपासचं. पण दुसरा तट म्हणत होता की मीठ इओसीनमधलं, म्हणजे साधारण 5 कोटी वर्षांचं. जमिनीच्या हालचालीत जुने खडक सरकून त्याच्यावर चढले आणि पानं उलटी लागली.

हा फरक किती मोठा? एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरा आणि सीएसएमटीहून मागे निघा. तुमचं आख्खं आयुष्य वीतभरसुद्धा भरत नाही. 5 कोटी वर्षं म्हणजे कल्याणच्या अलीकडे. दख्खनचा लाव्हा टिटवाळ्याच्या जरा पुढे. आणि 54 कोटी वर्षं म्हणजे थेट शेगावच्या आसपास.

साहनींनी साधा, हुशार प्रयोग केला. मिठाचे खडे पाण्यात विरघळवले आणि तळाशी उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात लाकडाचे बारीक कण होते, किड्यांचे तुकडे होते. कँब्रियनमध्ये जमिनीवर झाडंच नव्हती, लाकूड कुठून येणार? हवेतली धूळ मिसळू नये म्हणून त्यांनी काटेकोर काळजी घेतली, पुन्हा पुन्हा नमुने तपासले, आणि दर वेळी तेच कण सापडले. या विषयावर दोन परिसंवाद झाले. साहनी इओसीनवर ठाम राहिले.

नंतर तेलाच्या शोधात पंजाबच्या मैदानात खोल विहिरी खोदल्या गेल्या. जिथे थर उलटेपालटे व्हायचं काही कारण नव्हतं, तिथेही मीठ कँब्रियन थरांच्या खालीच निघालं. आज ते कँब्रियनच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याच्याही थोडं आधीचं मानतात. दुसऱ्या तटाचं एक म्हणणं मात्र खरं निघालं: डोंगररांग खरोखरच सरकलीये, आणि त्या घसरणीला वंगण याच मिठाचं. पण सरकताना मीठ आणि त्याच्यावरचे थर एकत्रच आले, त्यांचा क्रम बदलला नाही.

मग ते लाकडाचे कण? मीठ हा काही बेसाल्टसारखा दगड नव्हे. ते पाण्यात विरघळतं, भेगांमध्ये पुन्हा घट्ट होतं, दाबाखाली सावकाश वाहतंही. बाहेरचा कण आत शिरून पक्का बंद होऊ शकतो. साहनींची प्रयोगशाळा स्वच्छ असेलही, पण मीठ तिथे पोचायच्या आधीच भेसळ झालेली असावी. जीवाश्म थराचं वय सांगतो ते एकाच अटीवर, तो त्याच थराचा असला पाहिजे. ती अट तपासायला तेव्हा दुसरं घड्याळ हाताशी नव्हतं. किरणोत्सारी पद्धत अजून बाल्यावस्थेत होती. आणि कार्बन-14 चं म्हणाल, तर ते जेमतेम 50,000 वर्षांपर्यंत चालतं. आपल्या मापात 50 मीटर, प्लॅटफॉर्मसुद्धा ओलांडत नाही.

सात दिवस

जीवाश्म वनस्पतींसाठी वेगळी संस्था हवी, हे साहनींचं स्वप्न होतं. 1946 मध्ये ती कागदावर उभी राहिली. 3 एप्रिल 1949 ला नेहरूंच्या हस्ते लखनौत इमारतीची पायाभरणी झाली. कोनशिला कसली, जीवाश्मांचे तुकडे बसवलेली चौकटच ती. बरोबर सात दिवसांनी, 10 एप्रिलला, हृदयविकाराने साहनी गेले. वय अवघं 57.

पत्नी सावित्रीबाई काही वैज्ञानिक नव्हत्या. पण संस्थेचा भार त्यांनी अंगावर घेतला, आणि 1953 मध्ये इमारतीचं उद्घाटन झालं. आज ती बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. गाळातले परागकण वेचून, खडकांची वयं काढून तिथली तरुण मंडळी जुन्या समजुती रोज तपासून पाहतात, त्यात खुद्द साहनींच्याही आल्या.

येत्या एकादशीला खिचडीत सैंधव पडेल, तेव्हा चिमटीतल्या त्या खड्याकडे जरा नीट बघा. तो शेगावहून आलाय. साहनींना तो कल्याणचा वाटला होता. पण त्याला कुठून आलास म्हणून नीट विचारणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये ते होते.