‘मंक’ लुइसची भयकथा

१७९४ साली हेगच्या ब्रिटिश वकिलातीत काम थोडे आणि कंटाळा फार, अशा दिवसांत मॅथ्यू लुइसने दहा आठवड्यांत ‘द मंक’ ही कादंबरी हातावेगळी केली. वय वर्षे एकोणीस! १७९६ मध्ये ती निघाली, त्याच वर्षी स्वारी पार्लमेंटात निवडून गेली. दुसऱ्या आवृत्तीवर नावापुढे खासदारकी झळकली आणि गदारोळ उसळला.

कथेतला मठाधिपती अँब्रोसिओ कोवळ्या अंतोनियाला गुंगीचे औषध देऊन तळघरातल्या थडग्यांमध्ये ठेवतो, तिच्यावर बलात्कार करतो, पुढे तिचा खूनही. ती आपली बहीण होती, हे त्याला अगदी शेवटी कळते. कवी कोलरिजने परीक्षणात लेखकाची प्रतिभा मान्य केली, पण मुलामुलींच्या हाती हे पुस्तक दिसले तर आईबापांनी हादरावे, असा अभिप्राय दिला. १७९८ च्या चौथ्या आवृत्तीत लुइसने वासनेची वर्णने छाटली.

अत्याचार कथेत आला, ही खोट नव्हे. खोट अशी, की तळघरात लेखक बराच वेळ अँब्रोसिओच्या नजरेनेच अंतोनियाकडे पाहतो. अॅन रॅडक्लिफबाईंनी १७९७ च्या ‘दि इटालियन’मध्ये झोपलेल्या नायिकेपाशी खंजीर घेतलेला साधू नुसता उभा केला, भीती तसूभरही उणावली नाही.

पुढे लुइसला वारशाने जमैकातले ऊसमळे मिळाले, शेकडो गुलामांसह. १८१६ मध्ये तिथे जाऊन त्याने चाबूक बंद केला. गुलामी मात्र राहिली. त्या बायकांवर त्याने भयकथा लिहिली नाही. १८१८ मध्ये परतीच्या जहाजावर तो पीतज्वराने गेला. देह समुद्रातच सोडला.