स्वभावाला औषध असते का?

बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य मी गेली अनेक वर्षे ऐकतो आहे. तंबाखू सुटत नाही, राग आवरत नाही, चार माणसांत तोंड उघडत नाही, सकाळी फिरायला जाणे जमत नाही. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते : काय करणार डॉक्टर, स्वभावच तसा आहे. स्वभावाला औषध नाही ही म्हण तर सगळ्यांनाच पाठ असते. या साध्या वाक्यामागे एक जुना प्रश्न आहे. स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची ताकद माणूस जन्मतः घेऊन येतो, की स्वतःला ओळखत ओळखत ती कमवावी लागते?

कोथरूडकडून वारज्याला जाताना कर्वेनगर लागते. जुने नाव हिंगणे बुद्रुक. आज तिथे इमारती, क्लासेस आणि वाहनांची गर्दी आहे. ज्यांच्या नावाने हा भाग ओळखला जातो, त्या धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. लोक त्यांना अण्णा म्हणत. भारतरत्न, १०४ वर्षांचे आयुष्य आणि महिला विद्यापीठ एवढे आपल्याला ठाऊक असते. पण अण्णा मुळात अतिशय बुजरे होते, हे आपण विसरतो.

बुजरा मुलगा

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली इथे झाला. बालपण मुरूडला गेले. घरची स्थिती बेताची, शरीरयष्टी किरकोळ आणि स्वभाव लाजाळू. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्यांना घाम फुटे. त्यांचे शिक्षक सोमण गुरुजी यांनी या मुलाला गावकऱ्यांसमोर वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसवले. आज आपण समुपदेशनात भीतीला थोडे थोडे सामोरे जायला सांगतो. गुरुजींनी नकळत तेच केले.

सतरा वर्षांचे असताना सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी अण्णा सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी निघाले. भर पावसात, सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल. तिथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. अण्णा वाद न घालता परत फिरले. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा पास झाले. मॅट्रिक होईपर्यंत त्यांनी विशी ओलांडली होती. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी.ए. झाले, तेव्हा वय सव्वीस.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून असे दिसते की माणसामाणसांच्या स्वभावातल्या फरकांपैकी साधारण निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा असतो. काही बाळे पाळण्यातच अनोळखी चेहऱ्याला बिचकतात. म्हणजे बुजरेपणा बऱ्याच अंशी जन्मतः येतो. पण आवेग रोखणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. निर्णयाचे यंत्र जन्मतः अपुरे असते आणि सरावाने घडते. अण्णांनी स्वभाव बदलला नाही. तो आपल्यात आहे हे ओळखून त्याला वळसा घालायला ते शिकले.

एका निर्णयाची किंमत

१८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळी तिशीतल्या विधुराने दहा-बारा वर्षांच्या मुलीशी लग्न करणे ही सरळ रीत होती. विधवेला मात्र दुसरे लग्न निषिद्ध. आपण स्वतः विधुर असताना कुमारिकेचा हात मागणे न्याय्य नाही, हे अण्णांना पटले होते. पण पटणे वेगळे आणि करणे वेगळे. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया झाल्या.

मुरूडच्या मंडळींनी बहिष्कार घातला. अण्णांना थारा दिला तर आई आणि भावाच्या घरावरही तो येणार होता. जी माणसे सर्वांत जवळची, त्यांनाच आपल्या निर्णयाचा चटका बसतो आहे, हे त्यांना पाहावे लागले. आक्रमक स्वभावाच्या माणसाने गावाशी भांडण मांडले असते. अण्णा भांडले नाहीत आणि मागेही हटले नाहीत.

निवड करायची तर आधी काय हवे?

त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहासाठी मंडळी स्थापन केली. थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आले की विवाह लावून देणे पुरेसे नाही. जिला लिहिता-वाचता येत नाही, चार पैसे मिळवता येत नाहीत, दिराच्या किंवा भावाच्या घरचा कोपरा सोडून दुसरे जग ठाऊक नाही, तिला तू ठरव म्हणण्यात काय अर्थ? म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू झाले आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला आला. गोखले नावाच्या रावबहादुरांनी दिलेल्या सहा एकर माळावर एक झोपडी होती. कॉलेजातले तास संपवून अण्णा पायी हिंगण्याला जात. पावसाळ्यात ती वाट म्हणजे निव्वळ चिखल.

या आश्रमात पार्वतीबाई आठवले शिकल्या. त्या बायांच्या सख्ख्या बहीण, विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा झालेल्या. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. तो त्यांना नको होता. पण आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव हिंडल्या, पुढे विचारांती केशवपनाची रूढी स्वतः मोडली आणि चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला जाऊन तिथे घरकामही केले. एका बहिणीने लग्न निवडले, दुसरीने नाकारले. दोन्ही निर्णय त्यांचे स्वतःचे होते.

या कामाची झळ घरातही लागली. आश्रमावर लोकांचा रोष नको म्हणून अण्णांनी विधवाविवाहाच्या चळवळीपासून अंतर ठेवले. पुनर्विवाहित म्हणून खुद्द बायांनाही सुरुवातीला आश्रमापासून दूर राहावे लागले. ते त्यांच्या मनाला लागले. स्वतःच्या विम्याची पॉलिसी अण्णांनी आश्रमाला दिली, तेव्हा संसाराची चिंता बायांच्याच वाट्याला आली. निर्धारी माणसाच्या निर्णयाचा भार पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावर असतो, हेही या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.

मेंदू आधी ठरवतो का?

१९८३ मध्ये बेंजामिन लिबेट या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाटेल तेव्हा मनगट हलवा असे सांगितलेल्या माणसांच्या मेंदूत हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी विद्युत बदल सुरू होत. हलवावेसे वाटल्याची जाणीव मात्र त्यानंतर, हालचालीच्या सुमारे एक पंचमांश सेकंद आधी होई. मग इच्छास्वातंत्र्य हा भासच, असे अनेकांनी म्हटले. पुढे २०१२ मध्ये आरों शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तो बदल म्हणजे आधीच झालेला निर्णय असेलच असे नाही. मेंदूतील नैसर्गिक चढउतारांतूनही तो दिसू शकतो.

वाद अजून मिटलेला नाही. पण मनगट हलवणे आणि आयुष्य वळवणे यांत फरक आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद चालून आले, तेव्हा ती त्यांनी पुन्हा वाचली, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. पहिल्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. असा निर्णय अर्ध्या सेकंदात होत नाही. तो मनात मुरतो, तपासला जातो, मग अमलात येतो.

मुरण्याच्या त्या काळात माणूस स्वतःकडे पाहत असेल, तर निर्णयावर त्याची मोहर उमटते. अण्णांनी पन्नाशी उलटल्यावर आत्मवृत्त लिहिले, त्यात आपला भित्रेपणा झाकला नाही. आपण कुठे अडखळतो हे ज्याला माहीत असते, तो तिथे आधीच आधार उभा करतो.

म्हणून स्वभावाचे कारण सांगणाऱ्या रुग्णांना मी हल्ली एक वही ठेवायला सांगतो. तंबाखूची तल्लफ कधी आली, आधी काय घडले, सोबत कोण होते, एवढेच आठवडाभर लिहायचे. मग एकच गोष्ट आधी ठरवायची : जेवणानंतर तल्लफ आली तर बडीशेप तोंडात टाकून जिना उतरायचा. पुन्हा घसरलात तर पुन्हा लिहायचे. सगळ्यांना लगेच जमते असे नाही. साताऱ्याहून अण्णाही परीक्षा न देताच परतले होते.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णांचे पुण्यात निधन झाले. स्वभाव आपल्याला मिळतो, त्याचे काय करायचे हे मात्र शिकावे लागते. त्या शिकण्याला वेळ लागतो, सोबत लागते आणि कुणीतरी सोमण गुरुजी लागतात. आपल्या घरातल्या बुजऱ्या मुलाला हा असाच आहे म्हणण्याआधी, त्याच्या हातात एखादे वर्तमानपत्र देऊन पाहू या.